सतरा नंबरचा फिका रंग

२९ जानेवारी, सोमवार
यंत्र आलं. भाताच्या कुकरएवढं, पांढरंशुभ्र, आत एक दिवा. डिलिव्हरीवाल्याने इनचार्ज कोण म्हणून विचारलं, तेव्हा मी एक पाऊल पुढे झालो. नामबाईही तिथेच होत्या, पण त्यांच्या हातात फडकं होतं, त्यामुळे प्रश्नच आला नाही. सही ठसठशीत केली.

हानगोल गावच्या द्वेनजांगला, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याला, आजपासून विज्ञानाचा आधार. इतकी वर्षं काय चाललं होतं? म्हाताऱ्या रांजणात बोट बुडवणार, चाटणार, आणि 'मुरलंय' की 'नाही मुरलं' ते ठरवणार. सोयाबीन आंबवायला बुरशी लागते, ते ठीक. पण चांगल्या बुरशीच्या मांडीला मांडी लावून वाईट बुरशीही बसते, आणि तिचं विष ना दिसतं ना चवीला कळतं. ते आता मला कळणार. म्हणजे यंत्राला. म्हणजे मलाच.

२ मार्चला शाळा उघडतील. यंदापासून तीन शाळांच्या दुपारच्या जेवणाला आमच्या सहकारी संघाचं द्वेनजांग. अट एकच. तेवीसही घरांच्या मालाची विषतपासणी आणि त्यावर माझी सही. अशी सही करू शकणारा ह्या खोऱ्यात मी एकटा.

ह्या वर्षी: तपासणी. मग पेपर लिहायचा. पेपर आला की दाएजॉनच्या मोठ्या लॅबमधून बोलावणं येईलच. शिवाय सासूबाईंशी ठाम आवाजात बोलायला शिकायचं. खरं तर हे आधी करायला हवं, पण क्रमाला फार महत्त्व देऊ नये.

(दाएजॉनहून दोन महिन्यांसाठी आलो होतो. सहा वर्षं झाली. गावात मला घरजावई म्हणतात. सासूबाई संघाच्या अध्यक्ष आहेत आणि मी संघाचा गुणवत्ता अधिकारी आहे, ह्या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.)

३१ जानेवारी, बुधवार
संघाच्या हॉलमध्ये सभासदांना पद्धत समजावून दिली. वीस म्हाताऱ्या, तीन म्हातारे, एक मांजर. शक्य तितकं सोपं केलं. नमुना घुसळायचा, गाळायचा, छोट्या वाट्यांच्या प्लेटमध्ये औषधांबरोबर घालायचा. पिवळा रंग येतो. मग यंत्र त्यातून प्रकाश सोडतं. रंग जितका गडद तितका तो प्रकाश जास्त गिळतो. आणि हिशेब उलटा. गडद म्हणजे माल स्वच्छ, फिका म्हणजे विष.

इथे गोंधळ झाला. ओढ्यापलीकडच्या को आजी म्हणाल्या की उलटा असेल तर यंत्र उलटं ठेवलं असणार, उचलून फिरवून ठेवा. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. तेवढ्यात सासूबाईंनी मिटवून टाकलं. म्हणाल्या, फिकं पडलं की फेकायचं, एवढंच लक्षात ठेवा, घरी जा, उशीर होतोय. सगळ्या उठल्या. पाऊण तास मी बोललो होतो, सारांश त्यांच्या नावावर गेला.

नमुन्यांवर नावं नाहीत, फक्त नंबर. नावांची यादी माझ्या ड्रॉवरमध्ये, कुलूप लावून. कोणता नमुना कोणाचा हे मलाही कळता कामा नये. असा निःपक्षपातीपणा ह्या गावाने पाहिलेला नाही.

५ फेब्रुवारी, सोमवार
पहिली तपासणी. बावीस नमुने पास. रंग कसा, अंड्याच्या बलकासारखा.

सतरा नंबरच्या वाटीत पिवळा जवळजवळ नाहीच. सरबतात पाणी जास्त झाल्यासारखं. मर्यादा किलोमागे पंधरा मायक्रोग्रॅम. ह्याचं अडतीस.

नियम स्पष्ट आहे. संबंधित घराला त्याच दिवशी कळवायचं. हयगय नाही, मग घर कोणाचंही असो. यादी काढली.

दुपारी ३.४०. सतरा नंबर सासूबाई.

दुपारी ३.५०. यंत्र बिघडलेलं आहे.

६ फेब्रुवारी, मंगळवार
पुन्हा केली. एक्केचाळीस. म्हणजे वाढतंय. ह्यावरूनच सिद्ध होतं की यंत्रात दोष आहे, कारण फ्रिजमधल्या वाटीत एका रात्रीत विष वाढत नाही.

टेबल कललेलं असावं. नामबाईंना विचारलं. त्यांनी टेबलावर वाटीभर पाणी ठेवलं, वाकून पाहिलं आणि मान हलवली. सरळ आहे.

नामबाई म्हणजे आमच्या मदतनीस. वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. गुडघे गेले तेव्हा इथे आल्या. बोलत नाहीत, त्यामुळे त्यांचं अज्ञान झाकून राहतं.

७ फेब्रुवारी, बुधवार
कंपनीच्या इंजिनियरला फोन. त्याने विचारलं, सोबत आलेल्या शुद्ध नमुन्याचं रीडिंग काय येतं. बरोबर येतं म्हणालो. मुद्दाम विष घातलेल्या नमुन्याचं? तेही बरोबर येतं. बाकी बावीस? तीही बरोबर. मग यंत्र उत्तम आहे, म्हणाला. तरुण दिसतोय. अनुभव नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार
आज जेवताना सांगायचं ठरवलं. आडवळण न घेता, पहिल्या घासाआधी.

सासूबाईंनी माझ्यापुढे उकळत्या द्वेनजांगचा वाडगा ठेवला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की हे कोणत्या रांजणातलं. म्हणाल्या, थोरल्या. तपासणीला दिलं तेही त्यातलंच, तो रांजण त्यांच्या सासूबाईंच्या वेळचा, त्यात घातलेलं कधी बिघडत नाही. गेलं वर्षभर आपण तेच तर खातोय.

तोवर त्यांनी दोन घास घेतलेले होते. जेवणाऱ्या माणसाला वाईट बातमी देऊ नये. मी भातात पाणी ओतून मुळ्याबरोबर जेवलो. पोट ठीक नाही असं सांगितलं. खोटं नव्हतं, तोवर ते खरोखरच बिघडलं होतं.

वर्षभर!

१० फेब्रुवारी, शनिवार
तालुक्याच्या दवाखान्यात यकृताची तपासणी करून घेतली. घरी लायब्ररीत जातो म्हणून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, यकृतावर थोडी चरबी आहे, दारू कमी करा, विशेषतः सोजू. मी विचारलं, ही चरबी बुरशीच्या विषाची असू शकेल का. ते म्हणाले, सोजूबरोबर तळलेलं काय खाता.

माझ्या बायकोच्या, मीरानच्या, आणि सासूबाईंच्या यकृतांचं काय, हा प्रश्न परतीच्या बसमध्ये पडला. त्यांनाही कसल्यातरी निमित्ताने पाठवायला हवं. निमित्त शोधायचं.

घरी आलो तर माझ्या पोटासाठी सासूबाईंनी दुप्पट दाट द्वेनजांगचं सूप करून ठेवलं होतं. पोटाला ह्याच्यासारखं औषध नाही, म्हणाल्या. त्या समोर बसून राहिल्या. अर्धा वाडगा संपवावा लागला. उरलेलं कुत्र्याला घालणार होतो, मग कुत्र्याचाही विचार आला. सिंकमध्ये ओतलं.

१२ फेब्रुवारी, सोमवार
नामबाईंनी आज आपणहून एक प्रश्न विचारला. सतरा नंबरच्या सोयाबीनच्या विटा कुठल्या हिवाळ्यात टांगल्या होत्या?

त्यांना सतरा नंबर कोण हे माहीत नाही. मी गंभीर चेहरा करून सांगितलं की दोन वर्षांपूर्वीच्या. त्या म्हणाल्या, दोन वर्षांपूर्वी गावात एकाच घरी टांगायची खोली बदलली. एवढं बोलून भांडी धुवायला गेल्या.

ती खोली मी बांधली आहे. आधी सासूबाई उकडून ठेचलेल्या सोयाबीनच्या ह्या विटा, बुरशी धरावी म्हणून, स्वतःच्या झोपायच्या खोलीत आढ्याला टांगायच्या, खालून जमीन तापलेली, वर गवताच्या दोरीला लोंबणाऱ्या पन्नास विटा, मधे सासूबाई. घरभर वास. मी आराखडा काढून त्यांना पटवून दिलं. चारी बाजूंनी जाड प्लॅस्टिक, धूळ नाही, उंदीर नाही, वारा नाही. गावातली पहिली आधुनिक खोली.

दुपारी लॅबमधला आर्द्रतामापक नेऊन तासभर तिथे टांगला. एक्क्याण्णव टक्के. प्लॅस्टिकच्या आतून थेंब ओघळत होते. ह्या वर्षीच्या विटाही तिथेच आहेत.

विज्ञानात घाईने कारण ठरवणं घातक असतं. मापक जुना आहे.

पण समजा सांगितलं. सासूबाई विचारणार, असं कसं झालं? खोलीमुळे. खोली कोणाची? नाही सांगितलं, तर शाळा. इकडे आड, तिकडे सासूबाई.

१३ फेब्रुवारी, मंगळवार
मार्ग सापडला. इतका सोपा की आधी कसा सुचला नाही.

सकाळी सासूबाई देवळात गेल्यावर अंगणातल्या टोकाच्या रांजणातून, जुन्या पद्धतीने केलेल्या मालातून, एक डाव काढला. हाही सासूबाईंचाच माल. सतरा नंबर म्हणजे सासूबाई, थोरला रांजण असं कुठेही लिहिलेलं नाही. तपासणी केली. सहा. झकास गडद पिवळा. रिपोर्टमध्ये 'उत्तीर्ण' लिहिलं. पेन्सिलने, म्हणजे अंतिम नाही.

सतरा नंबरची जुनी वाटी कचऱ्यात टाकली होती. संध्याकाळी ती पुन्हा फ्रिजमध्ये दिसली, धुवून पुसून, नवं लेबल लावून. नामबाईंकडे पाहिलं. त्या खिडकी पुसत होत्या. त्यांची वृत्ती वैज्ञानिक नाही.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार. चांद्र पंचांगाचं नवं वर्ष
बुसानहून मेहुणा चांगबे, त्याची बायको, दोन मुली. सोलहून मावशी. सगळ्यांनी सासूबाईंना जमिनीला कपाळ टेकून नमस्कार केला. मी टेकलेलं कपाळ जरा जास्त वेळ तसंच ठेवलं. खाली शांत होतं.

जेवणानंतर सासूबाई अंगणात गेल्या आणि दरवर्षीप्रमाणे पाहुण्यांसाठी आणि त्यांच्या हाती बुसान-सोलमधल्या बाकी नातेवाइकांसाठी डबे भरले. थोरल्या रांजणातून. अकरा डबे. चांगबेच्या बायकोने तिथेच झाकण उघडून वास घेतला आणि डोळे मिटले. म्हणाली, आईंच्या हाताला तोड नाही.

काहीतरी करणं भाग होतं. मी पुढे होऊन म्हणालो की डबे मी गाड्यांमध्ये ठेवतो, तुम्ही बसा. सगळे चकित झाले. मावशी म्हणाली, जावई सुधारला. अकराच्या अकरा डबे माझ्या गाडीच्या डिकीत घातले आणि वर जुनं ब्लँकेट पसरलं.

आज अकरा घरं वाचवली. कोणालाही कळलं नाही. मोठं काम असंच होतं.

१७ फेब्रुवारी, शनिवार
बुसानहून फोन, डबा राहिला. सोलहून फोन, डबा राहिला. सासूबाईंनी फोन ठेवून दिला. संध्याकाळी मीरान म्हणाली की आईला वाटतंय, सुनेने मुद्दाम घेतला नाही. मी म्हणालो, असेल, शहरातल्या बायका. बोलल्यावर वाटलं की एवढं बोलायला नको होतं.

गाडीला वास येतोय. काच खाली करून चालवली. उणे सात.

२० फेब्रुवारी, मंगळवार
शाळांना जाणारा पहिला माल ठरला. मान म्हणून अध्यक्षबाईंचा. थोरल्या रांजणातून, सहा किलोचे चार डबे, १ मार्चला निघणार. मी बैठकीत होतो. अनुमोदनही मीच दिलं, कारण सगळे माझ्याकडे पाहत होते.

लॅबमध्ये येऊन बसलो. नामबाई फ्रिज पुसत होत्या. पाठमोऱ्याच बोलल्या.

"साहेब, सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात पोरं दोन-दोनदा वाढून घेतात."

मी म्हणालो की आहार हा स्वतंत्र विषय आहे. त्यांनी सतरा नंबरची वाटी उचलली, खालची जागा पुसली आणि वाटी होती तिथे ठेवली.

आज जेवलोच नाही. घरी नाही, बाहेरही नाही.

२२ फेब्रुवारी, गुरुवार
तोंडाने जमत नसेल तर लेखी. सासूबाईंना पत्र. पहिला मसुदा सात पानी, त्यात पद्धतीची पार्श्वभूमी. दुसऱ्यात विष हा शब्द टाळला, 'काही घटक' लिहिलं. तिसऱ्यात घटकही गेले, 'हवामानाचे परिणाम' आले. चौथा वाचून मलाच वाटलं की हे पावसाबद्दल आहे.

चौथा मसुदा भाताच्या कुकरखाली ठेवला. वीस मिनिटांनी काढून घेतला. सासूबाईंच्या चष्म्याची दांडी तुटलेली आहे, वाचताना त्रास झाला असता.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार
घरात सगळे टीव्हीपुढे. ऑलिंपिक, कर्लिंग, म्हणजे बर्फावरून दगड घसरवायचा खेळ, आमच्या मुली विरुद्ध जपान. सासूबाईंना ह्या खेळातलं काहीच कळत नाही, पण बर्फावर जीव तोडून झाडू मारणाऱ्या मुली त्यांना मनापासून आवडल्या आहेत. शेजारच्या दोघीही आल्या होत्या. सगळे एकत्र, खेळीमेळीचं वातावरण. हीच वेळ, असं ठरवून मी उभा राहिलो. थोरल्या रांजणाबद्दल मला काही सांगायचंय, असं स्पष्ट म्हणालो.

नेमका शेवटचा दगड सुटला होता. चारही बायकांनी एकदम मला खाली बसायला सांगितलं. बसलो. आपण जिंकलो. सासूबाईंनी आनंदाच्या भरात सगळ्यांना द्वेनजांगमध्ये बुडवून मिरच्या दिल्या.

नोंद असावी की मी प्रयत्न केला होता.

२६ फेब्रुवारी, सोमवार
आज रिपोर्टची शेवटची तारीख. सतरा नंबरपुढचं 'उत्तीर्ण' खोडलं. 'अनुत्तीर्ण' लिहायला पेन उचललं. 'प्रलंबित' लिहिलं. शब्द तोलून मापून निवडावा लागतो.

संध्याकाळी मीरान माझी गाडी घेऊन आईला देवळातून आणायला गेली. मी पेपरच्या प्रस्तावनेवर विचार करत होतो, त्यामुळे लक्ष नव्हतं. सासूबाईंबरोबर कोबीची गोणी होती. गोणी डिकीत ठेवायला डिकी उघडली.

दोघी घरी आल्या. मीरानने ताट वाढलं आणि दुसऱ्या खोलीत गेली.

२७ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी साडेनऊला लॅबचं दार उघडलं. सासूबाई. मागे हातगाडी, तिच्यावर अकरा डबे. मला वाटलं होतं, ओरडतील. त्यांनी बूट काढले, एक डबा टेबलावर ठेवला आणि नामबाईंना म्हणाल्या, हे यंत्रात घाल. माझ्याकडे पाहिलंही नाही.

तपासणीला दीड तास लागतो. लॅब म्हणजे एक खोली, तीन खुर्च्या, एक हीटर. बाहेर बर्फ, खिडकी गोठलेली. मी दोनदा उठलो, दोनदा सासूबाईंनी विचारलं की कुठे. कुठे नाही, म्हणालो, आणि बसलो. नामबाईंनी सगळं केलं. मी शिकवलेलं नव्हतं, पाहून पाहून शिकल्या असणार. घुसळलं, गाळलं, प्लेटमध्ये थेंब थेंब घातलं. हात जराही हलला नाही. शेजारच्या वाट्यांमध्ये त्यांनी फ्रिजमधला सतरा नंबरही घातला.

रंग आला. बाकीच्या वाट्या पिवळ्याधमक. दोन फिक्या. यंत्राने प्रकाश टाकला आणि आकडा दाखवला. सासूबाई मला म्हणाल्या, वाचा.

छत्तीस, म्हणालो. आणि सतरा नंबर? एकोणचाळीस. सतरा नंबर कोण? तुम्ही.

बावीस दिवस जे जमलं नव्हतं ते तीन शब्दांत झालं.

सासूबाईंनी प्लेट जवळ ओढली. मग बोलल्या. आवाज नेहमीचा नव्हता.

"तीन आठवडे तुम्ही माझ्या हातचं खात नाही, जावईबापू. वर पोरांना दिलेले डबे लपवलेत. मला वाटलं, ह्यांना आता आम्ही नकोसे झालो, मीरानला घेऊन जाणार. लेकीला विचारायचाही धीर झाला नाही."

मी यंत्राचा दिवा बंद केला.

"विषच होतं ना? मग सांगायचं की."

नामबाई मान खाली घालून ग्लासं पुसायला लागल्या. स्वच्छच होती ती.

मी ठरवलं, आता सगळंच सांगायचं. ह्यात एक तांत्रिक बाब आहे, इथपर्यंत आलो. त्या म्हणाल्या, खोली ना, ते दिसतंय. तीन हिवाळे त्या प्लॅस्टिकवरून पाणी ओघळताना पाहत होत्या. विटांवर हिरवट काळं धरत होतं, ते खरवडून टाकत होत्या. जावयाने एवढ्या हौसेने बांधली, दाएजॉनची नोकरी गेल्यापासून पहिल्यांदाच ह्यांचा चेहरा फुललेला पाहिला होता, मग बोलवेना.

(नोकरी गेली नव्हती. मी सोडली होती. तिथे मात्र मी दुरुस्ती केली नाही.)

२८ फेब्रुवारी, बुधवार
संघाची तातडीची सभा. सासूबाई उभ्या राहिल्या आणि आपला माल सडका निघाला असं पहिल्याच वाक्यात सांगितलं. शाळांना को आजींचा माल जाईल. आपले तीन रांजण रिकामे होतील. ह्या वर्षीच्या विटाही जातील, कारण त्याही त्याच खोलीत आहेत. खोली कोणाची, असं मागून कोणीतरी विचारलं.

मी उठायच्या तयारीत होतो. खरोखर. वाक्यही तयार होतं. जमिनीवर बसून डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पाय सरळ करेपर्यंत सासूबाई म्हणाल्या की खोली माझ्या घरातली आहे, मला दिसत होतं आणि मी बोलले नाही, तेव्हा चूक माझी. को आजींनी त्यांचा हात धरला. सभा संपली.

रिपोर्टवर 'अनुत्तीर्ण' लिहिलं. पेनने. नामबाईंनी पाहिलं आणि कपाट लावलं.

१ मार्च, गुरुवार
सार्वजनिक सुट्टी. ओढ्याकाठी खड्डा खणला, मी आणि मीरान. एकशे चाळीस विटा आणि तीन रांजणांतलं सगळं. सासूबाई काठावर उभ्या होत्या. पन्नास वर्षांत हे पहिलंच वर्ष, म्हणाल्या, घरात नवं द्वेनजांग घातलं जाणार नाही. लग्न होऊन आल्या त्या वर्षीही घातलं होतं, सासरे वारले त्या वर्षीही.

मीरान खणताना एकदाच बोलली. आईच्या जागी ती असती तर काय केलं असतं ते सांगितलं. इथे लिहीत नाही.

हाताला फोड. विज्ञानात हातही लागतात.

४ मार्च, रविवार
सासूबाई चांगबेकडे बुसानला गेल्या. दोन महिने. यंदा घालायचं काही नाही, तर नातींकडे जाऊन येते म्हणाल्या, सुनेशीही नीट बोलायचंय. मीरानने पोस्टातून रजा काढली आणि ती सोबत गेली. यकृताची तपासणी तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात करून घेणार आहेत. हे मी सुचवणारच होतो.

मागे राहिले सदतीस रांजण आणि मी. मीरानने जाताना सांगितलं की सकाळी ऊन आलं की झाकणं उघडायची, म्हणजे आत ऊन लागेल. ढग आले की लावायची. पाण्याचा थेंब आत गेला तर रांजण गेला. एक दिवसही घर सोडायचं नाही. मी म्हणालो, सदतीस झाकणं म्हणजे काय मोठं. ती बसमध्ये चढली.

लॅबची रीडिंग्ज आता नामबाई घेतात. संघाने तसा ठराव केला. माझ्याकडे सही आहे.

६ मार्च, मंगळवार
सकाळी ९ ला उघडली. ९.४० ला ढग. लावली. १०.१५ ला ऊन. उघडली. ११ ला वाऱ्याने पिवळी धूळ आणली. लावली, वरून पुसली. दुपारी उघडली. दाएजॉनहून एका जुन्या मित्राचा फोन, शनिवारी ये, सगळे जमतोय. घड्याळ पाहिलं, आकाश पाहिलं. कामाच्या ओघात आहे, म्हणालो.

प्लॅस्टिकची खोली पाडायला सुरुवात केली. आतली दोरी तेवढी काढून ठेवली. आढ्याला टांगण्याची जुनी पद्धत वेगळ्या दृष्टिकोनातून अभ्यासण्यासारखी आहे.

११ मार्च, रविवार
सासूबाईंचा फोन. दोघींची यकृतं ठीक. सुनेशी बोलणं झालं. नाती त्यांना झाडू मारायचा तो खेळ फरशीवर शिकवतायत. मग विचारलं की मी काय जेवलो. अंडं आणि भात, म्हणालो. म्हणाल्या, टोकाच्या रांजणातलं द्वेनजांग चांगलं आहे, यंत्रानेच सांगितलंय, ते घ्या. आणि मग, थोरला रांजण गवत जाळून आतून शेकला का?

प्रक्रियेत आहे, असं म्हणणार होतो. नाही शेकला, म्हणालो. त्या म्हणाल्या, बरं, आता शेका. आवाज नेहमीसारखा होता. फोन ठेवल्यावर थोडा वेळ अंगणात नुसता उभा राहिलो. आपण स्पष्टवक्ते झालो आहोत. दोन आठवड्यांत एवढा बदल लहान नाही. ह्यापुढे असंच. काहीही झालं तरी त्याच दिवशी, तिथल्या तिथे सांगायचं.

दुपारी ४.२०. अचानक थेंब. धावत लावली. छत्तिसावं झाकण ओल्या हातातून सुटलं, पायरीवर पडलं, दोन तुकडे. त्या रांजणावर परात ठेवली, वर दगड.

सासूबाईंना कळवायला हवं. उद्या कळवतो. आजच बोलणं झालंय, पुन्हा फोन केला तर उगीच काळजी करतील.